उंची, गोलंदाजीतील

क्रिकेटच्या खेळात गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू सरळ रेषेत फलंदाजाकडे न जाता प्रथम वर चढतो, फलंदाजाच्या दृष्टिरेषेवर काही क्षण राहतो व मग अपेक्षेपेक्षा लवकर खाली उतरतो. चेंडूच्या या कमानदार मार्गास ‘उंची’ व असा चेंडू टाकण्यास ‘चेंडूला उंची देणे’ असे म्हणतात. प्रामुख्याने मंदगती व फिरकी गोलंदाजांचे हे शस्त्र होय. गोलंदाजाने चेंडू किती उंच टाकावा, किंबहुना त्याने तो उंच टाकावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता केवळ कौशल्याचा वाटतो. परंतु क्रिकेटच्या सुमारे पावणेतीनशे वर्षांच्या लिखित नियमांत तो वारंवार परवानगीचा प्रश्न म्हणून उपस्थित झाला आहे. ही परवानगी कधी नियमकर्त्यांनी दिली वा नाकारली, कधी कर्णधाराने, तर कधी मैदानाच्या आकारमानाने. मुंबईत आणि विशेषतः तिच्या उपनगरांत या प्रश्नाला जे वळण लागले, ते पाहण्यापूर्वी नियमांचा इतिहास थोडक्यात ध्यानी घेणे आवश्यक आहे.

नियमांचा इतिहास : क्रिकेटचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने नियम १७४४ सालचे आहेत. त्या काळी गोलंदाज चेंडू जमिनीलगत सरपटत सोडीत असे व त्याला अडविण्यासाठी फलंदाजाची फळी हॉकीच्या काठीसारखी टोकाशी वळलेली असे. १७६० च्या सुमारास इंग्लंडमधील गोलंदाज चेंडू हवेतून टाकून त्याचा टप्पा पाडू लागले. हा गोलंदाजीतील उंचीचा पहिला अवतार मानता येईल. चेंडू उसळू लागताच वळलेली फळी निरुपयोगी ठरली आणि सरळ फळी आली. म्हणजे आज आपण ज्याला फलंदाजी म्हणतो, त्या कलेचा जन्मच मुळी चेंडू जमीन सोडून वर उठल्यामुळे झाला. या बदलाला कोणी फारसा आक्षेप घेतल्याचे दिसत नाही.

खरा वाद पेटला तो चेंडूच्या नव्हे, तर हाताच्या उंचीवरून. हात कंबरेखाली ठेवून चेंडू टाकण्याची जुनी रीत सोडून काही गोलंदाज हात आडवा फिरवू लागले. केंटचा जॉन विल्स याला १८२२ साली लॉर्ड्सवर याच कारणासाठी ‘नो बॉल’ देण्यात आला. तेव्हा तो घोड्यावर बसून जो निघून गेला तो मोठ्या सामन्यांत पुन्हा खेळला नाही, अशी कथा सांगतात. १८३५ साली खांद्यापर्यंत हात नेण्यास नियमाने मान्यता मिळाली. १८६२ साली ओव्हल मैदानावर एडगर विल्शर याला खांद्यावर हात नेल्याबद्दल लागोपाठ ‘नो बॉल’ दिले गेले व खेळ थांबवावा लागला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, गोलंदाजाच्या हाताला पूर्ण मोकळीक मिळाली. प्रत्येक वेळी क्रम एकच दिसतो : गोलंदाज नियम मोडतो, पंच त्याला दंड करतो आणि अखेर नियम गोलंदाजाच्या मागून येतो.

हात खांद्यावर गेल्यानंतरही हात खाली ठेवून चेंडू उंच झोकून देणारे गोलंदाज काही काळ टिकून राहिले. त्यांच्या चेंडूला ‘लॉब’ म्हणत. नॉटिंगहॅमचा विल्यम क्लार्क (१७९८–१८५६) हा अंडरआर्म गोलंदाजीचा थोर जाणकार होता. १८४६ साली त्याने स्थापन केलेला अखिल इंग्लंड संघ गावोगाव खेळत फिरला आणि क्लार्कच्या संथ चेंडूंनी गावोगावचे फलंदाज चकविले. जॉर्ज सिम्सन-हेवर्ड याने १९०९-१० च्या दक्षिण आफ्रिकेतील मालिकेत पाच कसोटी सामन्यांत २३ बळी घेतले. मात्र तो लॉब-गोलंदाजांत गणला जात असला, तरी त्याचे चेंडू बहुधा खालून व वेगाने येत आणि टप्प्यानंतर कमालीचे वळत. म्हणजे या परंपरेतील अखेरचा यशस्वी कसोटीपटू उंचीवर फारसा विसंबून नव्हता. १९२१ मध्ये सरे संघाकडून खेळलेला ट्रेव्हर मोलोनी हा कौंटी क्रिकेटमधील अखेरचा खास लॉब-गोलंदाज मानला जातो.

या परंपरेचा शेवट विलक्षण रीतीने झाला. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्न येथील एकदिवसीय सामन्यात न्यूझीलंडला बरोबरी साधण्यासाठी अखेरच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपेल याच्या आदेशावरून त्याचा भाऊ ट्रेव्हर याने तो चेंडू जमिनीवरून सरपटत सोडला. ब्रायन मॅकेकनी याने तो अडविला आणि फळी दूर भिरकावून दिली. नियमाप्रमाणे हा चेंडू वैध होता. परंतु त्यावर इतका गहजब झाला की, मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत अंडरआर्म गोलंदाजी वर्ज्य ठरली आणि २००० च्या नियमसंहितेने ती सर्वच क्रिकेटमध्ये, दोन्ही संघांत सामन्यापूर्वी तसा खास करार झाला नसल्यास, बंद केली. यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. दोष होता तो उंची मुळीच नसलेल्या चेंडूचा. बंदी मात्र आली ती हाताच्या त्या पद्धतीवर, जिच्यातून क्रिकेटमधील सर्वांत उंच चेंडू टाकला जात होता. सरपटी चेंडूसाठी स्वतंत्र नियम करता आला असता, आणि तो पुढे झालाही : आजच्या नियमांनुसार जमिनीवरून घरंगळत येणारा किंवा फलंदाजाच्या रेषेपर्यंत एकाहून अधिक टप्पे घेणारा चेंडू ‘नो बॉल’ असतो. हा नियम पुरेसा असताना लॉबचा बळी देण्याचे कारण नव्हते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वरच्या बाजूनेही मर्यादा आली. टप्पा न पडता फलंदाजाच्या कंबरेच्या वरून जाणारा चेंडू अवैध ठरतो. पूर्वी मंदगती चेंडूला या बाबतीत खांद्यापर्यंत सवलत होती. २०१७ च्या संहितेने ती काढून घेतली. या बदलाचा उंच चेंडूवर झालेला परिणाम साध्या हिशेबाने कळतो. यष्टींची उंची ७१ सेंमी. असते व फलंदाजाची रेषा यष्टींच्या पुढे १·२२ मी. अंतरावर असते. ४५ अंशांच्या उतरणीने थेट यष्टींच्या माथ्यावर पडणारा चेंडू फलंदाजाच्या रेषेवरून जाताना सु. १·९३ मी. उंचीवर, म्हणजे डोक्याच्याही वर असतो. कंबर सु. १ मी. उंचीवर धरल्यास, टप्पा न घेता यष्टींच्या माथ्यावर येणारा चेंडू सु. १३ अंशांहून अधिक तिरका उतरत असेल तर तो अवैधच होय. आर्थर कॉनन डॉइल यांनी १९२८ साली लिहिलेल्या एका कथेत स्पेडेग नावाचा शाळामास्तर पन्नास फूट उंच चेंडू टाकून तो नेमका यष्टींवर उतरवितो व इंग्लंडला सामना जिंकून देतो. आजच्या पंचाने त्याचा प्रत्येक चेंडू ‘नो बॉल’ दिला असता.

अशा प्रकारे नियमांनी खालचे व वरचे असे दोन्ही टोकांचे चेंडू छाटून टाकले. मध्ये उरली ती खांद्यावरून टाकलेल्या चेंडूची उंची. तिच्याविषयी नियम मौन पाळतो. आणि जेथे नियम बोलत नाही तेथे कर्णधार बोलतो.

उंचीचे स्वरूप : ही उंची प्रत्यक्षात किती असते, याविषयी प्रेक्षकांची कल्पना बहुधा अतिशयोक्त असते. गोलंदाजाचा हात चेंडू सोडताना जमिनीपासून सु. २·१ मी. उंच असतो व टप्पा सु. १५ मी. पुढे पडतो. ताशी ६५ किमी. वेगाचा चेंडू त्या टप्प्यावर पाडावयाचा तर, ढोबळ हिशेबाने, तो हातापासून सु. १५ सेंमी. वर चढावा लागतो. म्हणजे वीतभरही नव्हे. ताशी ९० किमी. वेगाचा चेंडू त्याच टप्प्यावर पाडण्यासाठी मात्र तो हातून सुटतानाच किंचित खाली दाबावा लागतो. उंचीचा सारा वाद या वीतभर फरकाचा आहे. पण त्या फरकाने फलंदाजाची अडचण वाढते. डोळ्यांच्या रेषेवर गेलेल्या चेंडूचे अंतर अजमावणे कठीण जाते. त्यातच गोलंदाजाने चेंडूला पुढच्या दिशेने फिरत दिली असेल तर हवेच्या दाबातील फरकामुळे तो नेहमीपेक्षा लवकर खाली ओढला जातो. पुढे सरसावलेला फलंदाज चेंडूपर्यंत पोहोचत नाही. त्याचा फटका हवेत उडतो किंवा चेंडू फळीला चुकवून यष्टिरक्षकाच्या हाती जातो. उलट, टप्पा हातभर चुकला तर तोच चेंडू सीमेपार जातो. म्हणून उंची देणारा गोलंदाज संघाच्या धावा पणाला लावून बळी मागत असतो. या धावा त्याच्या एकट्याच्या नसतात, आणि कर्णधाराच्या संमतीचा प्रश्न येथूनच निर्माण होतो.

मुंबईची परंपरा : मुंबईच्या क्रिकेटमध्ये हा प्रश्न प्रथम ज्यांच्या गोलंदाजीतून उभा राहतो, ते पळवणकर बाळू (१८७६–१९५५) हे डावखुरे मंदगती गोलंदाज होते. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम करीत असताना त्यांनी तेथील फलंदाजांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी केली. चेंडूची उंची व वेग बदलत राहण्याची त्यांची हातोटी तेथे घडली. पुढे ते मुंबईत हिंदू संघाकडून खेळले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक होती. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यातील सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. चर्मकार समाजात जन्मल्यामुळे पुण्याच्या मैदानावर चहाच्या वेळी त्यांना वेगळे बसावे लागे व वेगळ्या भांड्यातून चहा मिळे. सहकाऱ्यांना त्यांचा चेंडू चालत होता, स्पर्श चालत नव्हता. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. या अन्यायाची सामाजिक बाजू पुष्कळांनी मांडली आहे. तिची एक क्रिकेटची बाजूही आहे : उंची देणाऱ्या गोलंदाजाला सीमेजवळ क्षेत्ररक्षक लागतात, हुकलेल्या षटकानंतर पुढचे षटक मिळावे लागते, आणि या दोन्ही गोष्टी कर्णधाराच्या हाती असतात. संघातील सर्वांत जाणता गोलंदाज असूनही बाळूंना या गोष्टी आयुष्यभर दुसऱ्याकडून मागून घ्याव्या लागल्या.

त्यानंतरच्या पिढीत विनू मांकड यांनी डावखुऱ्या फिरकीला कसोटीत प्रतिष्ठा मिळवून दिली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला, त्या सामन्यात त्यांनी इंग्लंडचे बारा बळी घेतले. सुभाष गुप्ते (१९२९–२००२) हे मुंबईने दिलेले श्रेष्ठ लेगस्पिनर. त्यांनी ३६ कसोटींत १४९ बळी घेतले. १९५८-५९ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ बळी १०२ धावांत मिळविले. सर गारफील्ड सोबर्स यांनी आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत गुप्ते यांना अग्रस्थान दिले आहे. गुप्ते चेंडूला मनमोकळी उंची देत. त्यांच्या चेंडूवर झेल सुटणे हा त्या काळातील भारतीय क्रिकेटचा एक नित्याचा दुर्दैवयोग होता.

परंतु मुंबईचा खरा स्वभाव गुप्ते यांच्यापेक्षा बापू नाडकर्णी (१९३३–२०२०) यांच्यात अधिक उतरला, असे म्हणावे लागते. मूळचे नाशिकचे नाडकर्णी डावखुरी फिरकी टाकीत, पण धाव देणे त्यांना जणू मान्यच नव्हते. सरावाच्या जाळीत टप्प्याच्या जागी नाणे ठेवून त्यावर चेंडू पाडण्याची त्यांची सवय सर्वश्रुत आहे. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली. त्या डावातील त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी शून्य असे होते. हे शेवटचे शून्य बोलके आहे. ज्याला उंची द्यावयाची नाही, त्याला धावा रोखता येतात. फलंदाजाला चुकविण्याचे काम मात्र दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजावर पडते. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात रणजी करंडक सलग पंधरा वेळा जिंकला. प्रतिस्पर्ध्याला फुकट काही द्यावयाचे नाही, हा या विजयपरंपरेचा पाया होता. ‘खडूस’ हे विशेषण मुंबईच्या क्रिकेटपटूंना चिकटले ते उगीच नव्हे. अशा संघात उंची देणे ही चैन समजली जाण्याचा धोका होता.

या दोन वृत्तींचा समन्वय पद्माकर शिवलकर (१९४०–२०२५) यांच्या गोलंदाजीत झाला. ते १९६१-६२ ते १९८७-८८ या प्रदीर्घ काळात प्रथम दर्जाचे १२४ सामने खेळले आणि १९·६९ च्या सरासरीने त्यांनी ५८९ बळी घेतले. त्यांची धाव छोटी, हात उंच व टप्पा नाडकर्णींच्या जातीचा होता. पण त्या टप्प्यावर चेंडू येत असे तो वरून. एकाच जागी पडणारे सहा चेंडू सहा निरनिराळ्या उंचीवरून आणणे हे त्यांचे वैशिष्ट्य. यामुळे ‘उंची म्हणजे धावांची उधळपट्टी’ हा आक्षेप त्यांच्यापुरता निरर्थक ठरला. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकच्या फिरकीला अनुकूल खेळपट्टीवर मुंबईचा पहिला डाव १५१ धावांत आटोपला. त्यानंतर शिवलकर यांनी तमिळनाडूचे आठ बळी अवघ्या १६ धावांत घेतले व तमिळनाडूचा डाव ८० धावांत संपला. दुसऱ्या डावात मुंबईने ११३ धावा केल्या आणि तमिळनाडूचा संघ ६१ धावांत गारद झाला. त्यांत शिवलकर यांचे पाच बळी १८ धावांत होते. सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर संपला. एवढे होऊनही शिवलकर यांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. याचे कारण बिशनसिंग बेदी यांचे समकालीन असणे, असे नेहमी सांगितले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. एका संघात दोन डावखुरे मंदगती गोलंदाज नकोत, हा निवडीचा संकेत मात्र नियम नव्हता. सुनील गावस्कर यांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात शिवलकर आणि हरियाणाचे राजिंदर गोएल या दोन कसोटीवंचित गोलंदाजांना स्थान दिले. २०१७ साली या दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार एकत्रच देण्यात आला.

मुंबईच्या गोलंदाजांची शाळा कोणती, याचे उत्तर बहुधा कांगा लीग असे दिले जाते. डॉ. एच. डी. कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ साली सुरू झालेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात, उघड्या व ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाई. मैदानावरील गवत वाढलेले असल्याने जमिनीवरून मारलेला फटका लवकरच थांबतो. म्हणून फलंदाज चेंडू हवेतून मारतात. अशा वेळी उंच चेंडू टाकणे म्हणजे फलंदाजाला हवे तेच देणे होय. तरीही ओल्या खेळपट्टीवर संथ व उंच चेंडू थांबून येतो आणि झेल उडतो. तेव्हा कांगा लीगने गोलंदाजाला एकच धडा दिला असे म्हणता येत नाही. तिने त्याला हिशेब करावयास शिकविले.

उपनगरांतील स्थिती : मुंबईच्या क्रिकेटची ही मैदाने, म्हणजे आझाद, क्रॉस व ओव्हल मैदान, सागरकिनाऱ्यालगतचे जिमखाने आणि दादरचे शिवाजी पार्क, सर्व शहरात आहेत. बृहन्मुंबईची हद्द १९५० साली उपनगरांत शिरली व १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. पुढे १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. लोकवस्ती उत्तरेकडे सरकली. मैदाने मात्र होती तेथेच राहिली. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर वा मुलुंड येथील होतकरू खेळाडूने खांद्यावर सामानाची पिशवी घेऊन पहाटेच्या लोकलने चर्चगेटला किंवा बोरीबंदरला जावे, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ होता. कालांतराने उपनगरांतही सोयी झाल्या. घाटकोपरचा जॉली जिमखाना, कांदिवलीचे पय्याडे मैदान, वांद्र्याचा एमआयजी क्लब, मुंबई क्रिकेट संघटनेची वांद्रे-कुर्ला व कांदिवली येथील संकुले ही त्यांतील काही ठळक स्थळे. तरी बहुसंख्य मुलांचे क्रिकेट मैदानावर नव्हे, तर चाळींच्या पटांगणांत, गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत व सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आवारांतच घडत आले.

या आवारांतील क्रिकेट हे आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत उद्‌बोधक आहे. जागा अपुरी, खिडक्या काचेच्या आणि चेंडू टेनिसचा किंवा रबरी. त्यामुळे येथे गोलंदाजी बहुधा अंडरआर्म असते. १८६४ मध्ये मागे पडलेली आणि २००० मध्ये नियमबाह्य झालेली पद्धत अंधेरी-बोरिवलीच्या इमारतींमधून सुखाने नांदते आहे. नियमसंहितेची भाषा वापरावयाची तर, खेळापूर्वी दोन्ही संघांत तसा खास करार झालेलाच असतो. येथील नियम जागेप्रमाणे बदलतात. कुठे चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर फलंदाज बाद, कुठे एक टप्पी झेल मान्य, कुठे टप्पा न पडलेला चेंडू ‘नो बॉल’. सरपटी चेंडूवर तर जवळजवळ सर्वत्र बंदी असते, आणि त्यासाठी कोणाला मेलबर्नचे उदाहरण सांगावे लागत नाही. पहिला नियम फार महत्त्वाचा आहे. मोठ्या मैदानावर उंच फटक्याला सहा धावांचे बक्षीस मिळते. येथे त्याला बाद होण्याची शिक्षा मिळते. साहजिकच या आवारांत उंच चेंडू टाकणाऱ्या मुलाचा धोका पुष्कळच कमी होतो व तो फलंदाजाला मोह पाडण्याची कला खेळता खेळता शिकतो. त्याला कर्णधाराची परवानगी लागत नाही. ती कुंपणाच्या भिंतीने दिलेली असते.

एकविसाव्या शतकात या आवारांची जागा वाहनांनी घेतली. मुले तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानांकडे वळली. त्यांना चारही बाजूंनी आणि पुष्कळदा डोक्यावरूनही जाळी असते. येथे चेंडू हरवत नाही, काच फुटत नाही, आणि उंच फटक्याला शिक्षाही उरत नाही. फलंदाज प्रत्येक चेंडू उचलून मारतो व गोलंदाज तो सपाट आणि वेगाने टाकून सुटका करून घेतो. मोठ्या क्रिकेटमध्ये मर्यादित षटकांच्या, विशेषतः वीस षटकांच्या सामन्यांनी जे घडविले, त्याचेच हे लहान प्रतिरूप आहे. सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून ६५ ते ९० यार्डांच्या आत असावी असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. फळ्या जाड झाल्या असल्याने चुकलेला फटकाही या अंतरापलीकडे जातो. रमेश पोवार हे या काळातील मुंबईचे ऑफस्पिनर. चेंडूला डोळ्यांत भरेल इतकी उंची देणारे गोलंदाज म्हणून ते ओळखले जात. ३१ एकदिवसीय सामने त्यांना मिळाले, कसोटी सामने मात्र दोनच. बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्मा यांनी शालेय क्रिकेटमध्ये ऑफस्पिन गोलंदाज म्हणून प्रवेश केला व ते जगाला ठाऊक झाले ते षटकार मारणारे फलंदाज म्हणून. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये हे खरे. पण कोणत्या कौशल्याला वाव व मोल आहे, हे मुलांना लवकर कळते.

उपनगराशी नाते असलेले याविरुद्धचे उदाहरण परदेशातून आले. एजाझ पटेल यांचा जन्म १९८८ साली मुंबईत झाला. त्यांचे कुटुंब जोगेश्वरीचे. वयाच्या आठव्या वर्षी, १९९६ मध्ये, ते न्यूझीलंडला गेले. तेथे ते आधी वेगवान गोलंदाजी करीत. विशीच्या सुमारास ते डावखुऱ्या फिरकीकडे वळले. तेव्हा त्यांच्या फिरकीचे श्रेय जोगेश्वरीला देणे धाडसाचे ठरेल. तथापि डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडे मैदानावर त्यांनी भारताच्या पहिल्या डावातील सर्व दहा बळी ११९ धावांत घेतले. कसोटीच्या इतिहासात हा पराक्रम त्यांच्यापूर्वी केवळ जिम लेकर (१९५६) व अनिल कुंबळे (१९९९) यांनी केला होता. त्यासाठी त्यांना ४७·५ षटके टाकावी लागली, म्हणजे त्यांच्या कर्णधाराने जवळजवळ अर्धा डाव त्यांच्या हाती सोपविला होता. न्यूझीलंडचा संघ त्यानंतर ६२ धावांत बाद झाला व सामना ३७२ धावांनी हरला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच मैदानावर भारताला विजयासाठी १४७ धावा हव्या होत्या. आखूड लक्ष्याच्या अशा पाठलागात गोलंदाजाने सपाट चेंडू टाकून धावा रोखाव्यात असा प्रघात आहे. पटेल यांनी चेंडू संथपणे वर सोडणे थांबविले नाही. त्यांनी ५७ धावांत सहा बळी घेतले, भारताचा डाव १२१ धावांत संपला आणि न्यूझीलंडने तीन सामन्यांची मालिका एकही सामना न गमावता जिंकली.